घरचं प्रेशर वॉशर: घ्यावं का, कसलं घ्यावं आणि कसं वापरावं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांचा इतिहास सांगायचं काम माझ्याआधीच्या वक्त्यांनी फार चांगलं केलं. मला कमिटीने वेगळा विषय दिला. रौप्यमहोत्सवाच्या वर्गणीतून खर्च वजा जाता जी रक्कम उरेल, तिच्यातून सोसायटीसाठी एक प्रेशर वॉशर घ्यावं, अशी सूचना आली आहे. म्हणजे ते जोरात पाणी मारून गाडी, अंगण, गच्ची धुवायचं मशीन. त्यावर दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, घ्याच. दुसरा म्हणतो, मराठवाड्यात राहून पाणी उडवायचं मशीन कसलं घेता? पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव येणार आहे. मी तीस वर्षं मोटार वाइंडिंगचं काम केलं, अशी मशिनं उघडून बघितली, म्हणून सभेच्या आधी माहिती सगळ्यांना सारखी मिळावी यासाठी मला उभं केलंय. मी कोणत्याही कंपनीचा एजंट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी गरज आहे का ते बघू. आपलं पोखर्णी म्हणजे नृसिंहाचं गाव. परभणी-गंगाखेड रस्ता, आणि परभणी-परळी लाईनवरचं आपल्या देवाच्या नावाचं स्टेशन. पण देवाइतकीच आपली ओळख म्हणजे काळं रान. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना चिकटली की चपलेला सुद्धा दोन-दोन किलो लागते. मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये बसली आणि वाळली की विटेसारखी होते. पावसाळ्यात शेतातून आलेली गाडी नुसत्या फडक्याने निघत नाही, हे आपल्या घराघरातल्या बायकांना विचारा, कारण दारातला चिखल शेवटी त्यांनाच काढावा लागतो. जिन्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ हा दुसरा विषय. पावसाळ्यात तिथं म्हातारं माणूस घसरलं की खुब्याचं हाड जातं. म्हणजे गरज आहे. चैन म्हणून कोणी मागत नाही.

आता पाण्याचा प्रश्न. तो टाळून पुढं जाता येणार नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आपण आई-वडिलांकडून ऐकल्या. २०१६ तर आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. त्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. ज्या विभागात पिण्याचं पाणी रेल्वेने आलंय, तिथं 'मशीन घेऊ का' या प्रश्नाआधी 'पाणी किती लागेल' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. विरोध करणाऱ्यांचं हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण अंदाजाने भांडू नका, मोजून भांडा. मोजायची रीत अगदी सोपी आहे. पाण्याचा वीस लिटरचा जार घ्या. घरातली गाडी धुवायची नळी त्यात सोडा आणि मोबाईलवर वेळ लावा. जार एका मिनिटात भरला तर तुमची नळी मिनिटाला वीस लिटर सोडते. टाकी उंचावर असेल, नळी अर्ध्या इंची असेल तर साधारण पंधरा ते वीस लिटर येतात. बोअरची मोटार थेट नळीला जोडली तर त्याहून कितीतरी जास्त. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला साधारण साडेपाच ते सात लिटर पाणी घेतं. आता हिशोब करा. दहा मिनिटं नळी चालू ठेवली तर दोनशे लिटर. दहा मिनिटं वॉशरची गन दाबून धरली तर साठ लिटर. आपली घरं बत्तीस. प्रत्येकाने एकदा गाडी धुतली तर नळीने सहा हजार चारशे लिटर, म्हणजे पाच हजारांच्या टँकरपेक्षा जास्त. वॉशरने दोन हजारांच्या आत.

मशीनवाल्या पक्षाने लगेच टाळ्या वाजवू नयेत. कारण बादली आणि फडकं घेऊन गाडी पुसली तर दोन बादल्यांत, तीस लिटरमध्ये काम होतं. म्हणजे नुसती धूळ बसली असेल तर आजही बादलीच सगळ्यात श्रेष्ठ. वॉशर हे चिखलासाठी, शेवाळासाठी आणि वर्षातून दोन-तीनदा गच्ची-पार्किंग धुण्यासाठी. ते नळीच्या जागी आलं तर पाणी वाचवतं. बादलीच्या जागी आलं तर पाणी घालवतं. सगळा वाद या एका वाक्यात आहे, आणि ते ठरावात लिहून घ्या असं मी कमिटीला सुचवतो.

हे मशीन करतं काय? नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब जातं, हे लहानपणी आपण सगळ्यांनी केलंय आणि त्यासाठी मारही खाल्लाय. तेच तत्त्व. आत एक मोटार असते. ती एक तिरकी तबकडी फिरवते. त्या तबकडीने तीन छोटे पिस्टन पुढं-मागं होतात आणि पाणी रेटून नोझलच्या बारीक छिद्रातून बाहेर काढतात. पाणी थोडं, पण वेग भयंकर. ७५ बार दाबाचा हिशोब केला तर नोझलच्या तोंडाशी पाण्याचा वेग ताशी चारशे किलोमीटरच्या वर जातो. हवेत तो लगेच पडतो, म्हणून दोन फुटांवर नुसती धार लागते आणि दोन इंचांवर रंग निघतो.

युरोपात या मशिनांचं नाव मोठं केलं ते जर्मनीच्या आल्फ्रेड कार्चर यांच्या कंपनीने. १९५० साली त्यांनी गरम पाण्याचं हाय प्रेशर मशीन काढलं, आणि १९८४ मध्ये घरी वापरता येईल असं उचलून नेण्याजोगं मॉडेल आणलं. आपल्याकडं म्हणतातच ना, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. तर जर्मनीचं काम झालं, आता परभणीने विचार करून खरेदी करायची पाळी आहे.

दुकानात गेलात की विक्रेता पहिली गोष्ट सांगतो ती 'बार'. "काका, हे १५० बारचं, हे २०० बारचं." आपले मेकॅनिक 'किलो' म्हणतात, एक बार म्हणजे जवळपास एक किलोचं प्रेशर. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा हा कमाल दाबाचा असतो. काम करताना मिळणारा दाब त्यापेक्षा कमी असतो. डब्यावर ११० असलेल्या मशीनचा चालू दाब ७५ च्या आसपास असू शकतो. त्यात फसवणूक नाही, पण दोन मशिनांची तुलना करताना एकाचा कमाल आणि दुसऱ्याचा चालू दाब धरू नका. मशीनच्या अंगावर चिकटवलेली पट्टी वाचा, डबा नाही.

आता एक सूत्र सांगतो, ते लिहून घ्या. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले सहाशे. उत्तर येतं किलोवॅटमध्ये. पाण्याला एवढी ताकद द्यायची तर मोटारीने विजेतून त्याहून जास्तच ओढली पाहिजे, कारण थोडी ताकद उष्णतेत आणि घर्षणात जाते. उदाहरण घ्या. ११० बार, मिनिटाला साडेपाच लिटर. गुणाकार ६०५, भागिले ६००, म्हणजे साधारण एक किलोवॅट. मशीनवर १४०० वॅट लिहिलंय? मग पटतं. आता दुसरं मशीन. २०० बार, आठ लिटर, मोटार १५०० वॅट. गुणाकार १६००, भागिले ६००, म्हणजे २.६७ किलोवॅट. दीड किलोवॅटच्या मोटारीतून पावणेतीन किलोवॅट निघेल का? लिटरभर दुधातून दोन लिटर ताक निघतं, पण त्यात पाणी घालावं लागतं! फार तर दोन्ही आकडे वेगवेगळ्या वेळचे असतील, एकाच वेळी ते मिळणार नाहीत. असं मशीन समोर आलं की विक्रेत्याला हात जोडा आणि पुढच्या दुकानात जा.

घराला किती बार लागतात? मोटारसायकल आणि कारला १०० ते ११० कमाल बारचं मशीन पुरतं. गच्ची, पार्किंगची फरशी, शेवाळ असेल तर १२० ते १४०. ट्रॅक्टर रोज धुवायचा असेल तर घरगुती मशीनच्या नादी लागू नका. त्याला पट्ट्यावर चालणारा एचटीपी पंप बरा, जो आपण फवारणीला वापरतो. तो दाब कमी देतो पण पाणी भरपूर देतो, आणि चिखलाचे गठ्ठे पाण्याच्या लोटाने निघतात. वॉशिंग सेंटरवाले उगाच तो वापरत नाहीत.

आता माझा खास विषय, मोटार. घरगुती वॉशरमध्ये दोन जातीच्या मोटारी येतात. एक कार्बनवाली, म्हणजे मिक्सरमध्ये असते तशी. दुसरी इंडक्शन, म्हणजे बोअरच्या किंवा पिठाच्या गिरणीच्या मोटारीच्या जातीची. कार्बनवाली हलकी, स्वस्त आणि आवाज मोठा. ती फार वेगाने फिरते, लवकर तापते आणि कार्बन झिजतात. इंडक्शन जड, महाग, आवाजाला शांत, आणि वर्षानुवर्षं चालते. ओळखायची खूण? उचलून बघा. पाच-सात किलोचं मशीन असेल तर ती कार्बनवाली. पंधरा-वीस किलोच्या पुढचं असेल तर बहुधा इंडक्शन. विक्रेता काय म्हणतो ते ऐका, पण हात काय म्हणतो त्यावर विश्वास ठेवा.

मग कार्बनवाली वाईट का? नाही. एका घरात, महिन्यातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं चालवायची तर ती पुष्कळ झाली. पाच-सहा हजारांपासून मिळते. पण बत्तीस घरांचं एक मशीन असेल, रविवारी सकाळी चार जणांनी पाठोपाठ वापरलं, तर ती पहिल्या उन्हाळ्यातच माझ्यासारख्याच्या दुकानात येईल. माझ्या माळ्यावर अशी अकरा मशिनं पडून आहेत. त्यातली नऊ जळालेल्या आर्मेचरची. मालक आणून टाकतात, सुटा भाग मिळत नाही म्हटलं की परत न्यायलाही येत नाहीत. म्हणून सोसायटीसाठी घ्यायचं असेल तर इंडक्शन मोटारीचंच घ्या, पैसे दुपटी-तिपटीने गेले तरी. आणि घरासाठी घेणार असाल तर साधं घ्या, पण पंधरा मिनिटांनंतर तेवढीच विश्रांती द्या. हा माझा नियम, पुस्तकात काय लिहिलंय तेही वाचा.

मोटारीपाठोपाठ पंप. पंपाचं डोकं प्लास्टिकचं आहे का धातूचं, हे विचारा. अ‍ॅल्युमिनियमचं चालतं, पितळेचं असेल तर उत्तम. दुसरं, ऑटो स्टॉप आहे का बघा. म्हणजे गनचा खटका सोडला की मोटार आपोआप बंद झाली पाहिजे. नसेल तर खटका सोडल्यावरही मोटार फिरत राहते, तेच पाणी आतल्या आत घुसळून तापतं आणि सील जातात. तिसरं, नळीची लांबी. पाच मीटरची नळी असेल तर कारभोवती फिरताना मशीन ओढावं लागतं. आठ ते दहा मीटर असली की काम सोपं.

आता ज्या गोष्टी दिल्ली-मुंबईच्या माणसाला सांगाव्या लागत नाहीत, पण आपल्याला लागतात, त्या.

पहिली, बोअरचं पाणी. आपल्या नळांवर, कूलरच्या जाळीवर, गिझरमध्ये पांढरा थर बसतो. तोच थर पंपाच्या बारीक झडपांवर बसतो. शिवाय बोअरमधून बारीक वाळू येते. ती पिस्टनच्या सीलला कानशीसारखी घासते. म्हणून पाणी आत येतं तिथं जाळीचा फिल्टर बसवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. दर वेळी जाळी काढून धुवायची. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी, गरम पाणी. घरगुती मशिनांच्या पुस्तकात येणाऱ्या पाण्याचं तापमान बहुधा ४० अंशांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हातावर घेऊन बघा, चटका बसतो. ते चाळीसच्या वर असतं. दुपारी मशीन चालवलं की सील मऊ पडून गळती सुरू होते, आणि लोक म्हणतात कंपनी खराब. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम उरकायचं. थंडीत पाणी गोठू देऊ नका अशी सूचना त्याच पुस्तकात असते, तिची आपल्याला काळजी नाही!

तिसरी, नळाला पाणी रोज नसणं. म्हणून बादलीतून किंवा टाकीतून पाणी स्वतः ओढणारं मशीन बघा. त्याला शोषक नळी आणि उलटं पाणी जाऊ न देणारी झडप लागते. काही ठिकाणी ती सोबत येते, काही ठिकाणी वेगळी घ्यावी लागते. विचारून घ्या. आणि मशीन पाण्याच्या जवळ, जवळपास त्याच पातळीवर ठेवा. हे विहिरीवरचं इंजिन नव्हे, फार खोलातून ते ओढत नाही. कोरडं तर एक मिनिटसुद्धा चालवू नका. पाणी हे त्याचं तेल आहे.

चौथी, वीज. १४०० वॅटचं मशीन सहा अँपिअरच्या वर ओढतं, २००० वॅटचं पावणेनऊ. ते मोबाईल चार्जिंगच्या बोर्डाला लावायचं नाही. मोठ्या तीन पिनच्या पॉवर प्लगलाच लावायचं. एक्स्टेन्शन लागलंच तर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि वेटोळं पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर तापते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. हातात ओली गन, पायाखाली ओली फरशी, त्यात अर्थिंग नसेल तर शॉक लागला की माणूस सुटत नाही. म्हणून पार्किंगच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, लोक ज्याला ईएलसीबी म्हणतात ती. महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबून बघा. ठरावात मशीनची किंमत लिहाल तेव्हा अर्थिंग आणि आरसीसीबीचा खर्चही त्यातच लिहा. पैसे दोन्हीला पुरत नसतील तर मशीन पुढच्या वर्षी घ्या, अर्थिंग या वर्षी करा. मशीन आलं नाही तरी त्या बोर्डाला तुमची मुलं हात लावतातच.

आता 'भरवशाचं' म्हणजे काय? माझ्या मते, जे बिघडत नाही ते भरवशाचं असं नाही. बिघडल्यावर ज्याचा पाच-पन्नास रुपयांचा ओरिंग मिळतो ते भरवशाचं. घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि चार प्रश्न विचारा. परभणीत तुमचा माणूस आहे का, का नांदेड-संभाजीनगरला मशीन न्यावं लागेल? ओरिंगचा संच, गन, नळी आणि कार्बन सुटे मिळतात का? वॉरंटीत काय येत नाही? सार्वजनिक वापराला, म्हणजे सोसायटीला, वॉरंटी लागू आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. बऱ्याच ठिकाणी घरगुती मॉडेलची वॉरंटी घरगुती वापरापुरतीच असते. उत्तर लेखी घ्या. पक्कं बिल सोसायटीच्या नावाने घ्या. ऑनलाइन घेतलं तर डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा. आणि तरीही तक्रार निघालीच, दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पक्कं बिल असेल तरच हे सगळं सोपं.

मशीन आलं, आता कशावर मारायचं नाही ते सांगतो. सुरुवात नेहमी तीन फुटांवरून, मग हळूहळू जवळ. नोझलला रंग असतील तर लाल म्हणजे सरळ सुई, ती घरात लागतच नाही, कपाटात ठेवा. पिवळा पंधरा अंशांचा, हिरवा पंचवीसचा, पांढरा चाळीसचा. गाडीला पांढरा किंवा हिरवा. टायरच्या बाजूला एका फुटापेक्षा जवळ जायचं नाही, टायर आतून दुखावतो आणि हायवेवर फुटतो. मोटारसायकलच्या चेनवर, चाकाच्या बेअरिंगवर, हँडलवरच्या बटणांवर, सायलेन्सरच्या तोंडात थेट धार नको. कूलरच्या गवताच्या किंवा कागदी जाळीवर तर अजिबात नको, तिचा चुरा होतो. गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगवर जवळून मारलं की थर उचलतो आणि पावसाळ्यात खालच्या घरात गळतं, मग दोन घरांत भांडण. सोलर हीटरच्या काचनळ्या आणि सोलर पॅनल यांच्यावरही नको. २०२४ पासून सूर्यघर योजनेत आपल्या सोसायटीतही पॅनल बसलेत, ते सकाळी थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायचे. आणि कोणाच्या तरी डोक्यात येईल म्हणून सांगतो, म्हशीवर नाही! हसू नका, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मशीनमध्ये संडासचं अ‍ॅसिड, रॉकेल, डिझेल घालायचं नाही. साबण घालायचा तर त्याच्या बाटलीतूनच.

आता मात्र बालगोपाळांनी आणि त्यांच्या आयांनी नीट ऐका. ही होळीची पिचकारी नाही. ही धार कातडीतून आत शिरते. जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते, रक्तसुद्धा फारसं येत नाही, पण आत पाणी आणि घाण स्नायूंपर्यंत गेलेली असते. हळद लावून घरी बसायचं नाही. लगेच दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की हाय प्रेशरची धार लागली आहे. उशीर झाला तर बोट जाऊ शकतं. म्हणून अठरा वर्षांखालच्या कोणाच्याही हातात गन द्यायची नाही. वापरणाऱ्याच्या पायात रबरी बूट, डोळ्याला चष्मा. काम झालं की आधी बटण बंद, मग पाणी बंद, मग खटका दाबून आत अडकलेला दाब सोडायचा, आणि मगच नळी काढायची. हा क्रम मशीनवर रंगाने लिहून ठेवा.

शेवटी माझं मत, कारण कमिटीने ते विचारलंय. घरोघरी बत्तीस मशिनं घेण्यापेक्षा सोसायटीचं एक घ्यावं. बत्तीस घरांत ती बहुतेक दिवस धूळ खातील आणि ज्या दिवशी निघतील त्या दिवशी सगळीच निघतील, म्हणजे बोअरवर ताण. एक असेल तर त्याला नियम लावता येतो. नियम पाचच ठेवा. एक, चावी एकाच शिकलेल्या माणसाकडे. दोन, वहीत नाव, वेळ आणि मिनिटं. तीन, एका वेळी पंधरा मिनिटं, त्याच्या पुढं नाही. चार, नुसत्या धुळीला मशीन नाही, बादली. पाच, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: ज्या दिवशी सोसायटीला पहिला टँकर मागवावा लागेल, त्या दिवशी मशीनच्या खोलीला कुलूप लागेल आणि पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत ते उघडणार नाही. अध्यक्षांसाठी नाही, सचिवांसाठी नाही, मशीन दुरुस्त करणाऱ्या माझ्यासाठीही नाही.

विरोध करणाऱ्या मंडळींना मी विनंती करतो, की या पाचव्या नियमासकट ठराव आला तर त्याला अनुमोदन तुम्ही द्या. तुमची काळजी खरी आहे आणि ती ठरावात लिहिलेली असली पाहिजे, नुसती सभेत बोललेली नको. आणि मशीन पाहिजे म्हणणाऱ्यांना विनंती, की पाचवा नियम नको असेल तर मशीनही मागू नका. पंचवीस वर्षं या सोसायटीत पाण्यावरून भांडणं झाली नाहीत असं नाही, पण टँकर आला तेव्हा आधी म्हाताऱ्यांच्या घरी हंडा भरला गेला, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. मशीन येईल, जाईल, आर्मेचर जळेल. ही रीत टिकली पाहिजे.

खरेदी करायला जाल तेव्हा मला सोबत घ्या, मी चहावर येतो, कमिशन घेत नाही. ज्यांना पट्टी वाचून सूत्र मांडायचं असेल त्यांनी कार्यक्रम झाल्यावर थांबा, मी वहीत करून दाखवतो.